माझा परिसर : गिरणगाव



'माझा परिसर' हा निबंध आपण सगळेच मुलांकडून दरवर्षी लिहून घेतो. वह्या तपासायला बसलो की तीच वाक्ये पुन्हा पुन्हा भेटतात. माझ्या परिसरात एक बाग आहे. जवळच दवाखाना आहे. आमच्या परिसरातील लोक गुण्यागोविंदाने राहतात. यात खोटे काहीच नाही. पण वरचे गावाचे नाव खोडून दुसरे घातले तरी निबंध तसाच चालतो. मग मुलांनी नेमका कोणता परिसर पाहिला?

मी मुंबईत लालबाग-परळ भागातल्या एका मराठी शाळेत शिकवतो. माझे वडील गिरणीत होते आणि माझे लहानपण याच भागातल्या चाळीत गेले. त्यामुळे हा पाठ घेताना मला पुस्तकाबाहेर जावेच लागते. हा परिसर मी वर्गात कसा उलगडतो ते इथे सांगतो. तुमचा परिसर एखादी पेठ असेल, वाडी असेल, कामगार वसाहत असेल किंवा नवे उपनगर असेल. पण विचारायचे प्रश्न बरेचसे हेच असतील.

नावापासून सुरुवात

गिरणगाव हे नाव कुठल्याही स्टेशनच्या पाटीवर नाही. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, करी रोड, परळ, लोअर परळ, वरळी, शिवडी, नायगाव असा हा सगळा पट्टा. मी मुलांना विचारतो, "शहराच्या मधोमध असून याला गाव का म्हणतात?" पहिले उत्तर ठरलेले असते : गिरण्या होत्या म्हणून. दुसरे उत्तर यायला जरा वेळ लागतो. इथे माणसे गावागावाने येऊन राहिली, म्हणूनही ते गाव. एका खोलीत एकाच गावची माणसे, एका मजल्यावर एकाच तालुक्याची. कोकणातली रत्नागिरी-सिंधुदुर्गची, घाटावरची सातारा, सांगली, कोल्हापूर, पुण्याकडची.

पण परिसर गिरण्यांपेक्षाही जुना आहे, हे मुलांना आधी सांगावे. १९३१ साली परळमध्ये रस्त्याचे काम चालू असताना जमिनीतून शिवाची भव्य शिल्पशिळा निघाली. ती साधारण सहाव्या शतकातली मानतात आणि आजही परळच्या बारादेवी मंदिरात आहे. म्हणजे ज्या रस्त्याने मुले शाळेत येतात, त्याच्या आसपास दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नी घेऊन बसले होते. हे ऐकल्यावर मुले खिडकीबाहेर बघतात. मी त्यांना बघू देतो.

कापूस, युद्ध आणि प्लेग

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी काढली. १८५४ साली कंपनी स्थापन झाली आणि १८५६ साली ताडदेवला सूत निघू लागले. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे अमाप पैसा आला. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, अनेक जण बुडाले. पण व्यापारातून उभे राहिलेले भांडवल, बंदर आणि नवी रेल्वे यांच्या जोरावर पुढच्या दशकांत गिरण्या वाढत गेल्या. अमेरिकेतल्या लढाईचा लालबागच्या चाळीशी काय संबंध, हे फळ्यावर बाण काढून दाखवले की सातवी-आठवीची मुले सहज पकडतात. इतिहास आणि भूगोल वेगळे शिकवण्याची गरजच उरत नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे शहर सोडून गावाकडे पळाली, गिरण्या ओस पडल्या. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ साली प्लेगची लस मुंबईतच तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात आली. तीच आजची हाफकिन संस्था. करोनाच्या टाळेबंदीनंतर हा भाग शिकवणे फार सोपे झाले आहे. साथ, पळापळ, गावी जायची घाई, लशीची भीती हे सगळे मुलांनी स्वतः पाहिलेले आहे.

प्लेगनंतर सरकारला कामगारांच्या घरांची आठवण झाली. १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याने बांधलेल्या चाळींना लोक आजही बीआयटी चाळ म्हणतात. परळच्या अशाच चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले. दादरचे राजगृह त्यानंतरचे. १९२० नंतरच्या काळात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या : वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती.

खडूची खोली

बीडीडीतली एक खोली १६० चौरस फुटांची. हा आकडा फळ्यावर लिहून काही होत नाही. मी शाळेच्या सभागृहात खडूने दहा फूट बाय सोळा फूट असा आयत आखतो. कोपऱ्यात मोरी, एका बाजूला चूल, भिंतीला ट्रंका. मग आठ मुलांना आत उभे करतो आणि सांगतो, "आता झोपा." हसाहशी होते. नंतर मुले स्वतःच हिशेब करू लागतात. कुणाचे पाय कुणाच्या डोक्याशी, कोण दाराबाहेर व्हरांड्यात.

मग मी तीन पाळ्यांची गोष्ट सांगतो. एकट्या पुरुषांच्या खोल्यांतून यापेक्षा कितीतरी जास्त माणसे राहत. हे जमायचे कसे? पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर येऊन अंग टाकी. जागा माणसाच्या नावाची नव्हती, पाळीच्या नावाची होती. गणिताच्या तासाला क्षेत्रफळ शिकवताना हे उदाहरण घेऊन बघा.

आणि जेवण? त्याची उत्तरे बायकांकडे आहेत. बायको-मुले गावी, नवरा मुंबईत, अशी हजारो घरे होती. ही माणसे खाणावळीत जेवत. खाणावळ म्हणजे पाटी लावलेले हॉटेल नव्हे; चाळीतलीच एखादी बाई आपल्या त्याच खोलीत दहा-वीस माणसांचा स्वयंपाक दोन वेळा करायची. पैसे महिन्याने, पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी तिच्या डोक्यावर. या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळण्याची वाट मोकळी केली. गिरणगाव म्हटले की डोळ्यांसमोर भोंगा आणि पुरुषांची रांग येते. मुलींना मी मुद्दाम सांगतो की ती रांग जेवून निघालेली असायची.

रविवार कुणी दिला?

हा माझा आवडता प्रश्न आहे. रविवारी सुट्टी का असते? मुलांची उत्तरे गमतीशीर येतात. "टीव्हीवर पिक्चर असतो म्हणून" असेही एकदा आले होते. खरे उत्तर या परिसरातले आहे. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले, सभा घेतल्या, अर्ज केले. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी आठवड्याची एक सुट्टी मान्य केली. त्याआधी पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत काम, आणि हक्काचा सुट्टीचा वार नाही.

पुढचे टप्पे पाठ्यपुस्तकात सुटे सुटे येतात, ते इथे एकत्र जोडता येतात. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे झाले; ते गिरणी कामगारच होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांमध्येही कामगार मोठ्या संख्येने होते. हुतात्मा हा शब्द वाचताना मुलांसमोर दगडी पुतळा येतो. तो माणूस समोरच्या चाळीत राहत असेल, असे म्हटले की त्यांचे वाचन बदलते.

भाषेच्या तासालाही इथे खूप सापडते. वाटेगावहून मुंबईला आलेले अण्णा भाऊ साठे काही काळ गिरणीत राबले. त्यांनी अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासोबत १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. नारायण सुर्वे यांना तर जन्मतःच रस्त्यावर सोडून दिले होते. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी आणले आणि आपले नाव दिले. पुढे ते शाळेत शिपाई झाले आणि मग शिक्षक. आपल्यापैकीच एक, बरं का. शिक्षक दिनाच्या भाषणात हे नक्की सांगा.

शब्दही गोळा करायला लावा : भोंगा, पाळी, हजेरी, खाडा, जॉबर, बदली. 'बदली' म्हटले की आपण शिक्षक वेगळ्याच विचाराने दचकतो. गिरणीत बदली म्हणजे कायम नसलेला कामगार. रोज सकाळी दारात उभे राहायचे. कुणाचा खाडा असेल तर आत, नाहीतर घरी. अशी वर्षानुवर्षे काढलेली माणसे होती.

संपाचा प्रश्न

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. पन्नासहून अधिक गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. हा संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. वर्ष उलटून गेले, काही जण परत कामावर गेले, काहींना परत घेतले नाही, काही गिरण्या उघडल्याच नाहीत. मी तेव्हा तिसरीत होतो. आमच्या घरात 'संप मिटला' असे वाक्य कुणी उच्चारलेले मला आठवत नाही. वडील हळूहळू दुसरी कामे बघू लागले, आई शेजारच्या खाणावळीत चपात्या लाटायला जाऊ लागली, एवढेच.

दोन वर्षांपूर्वी मी मुलांना गृहपाठ दिला : घरातल्या ज्येष्ठ माणसाला परिसराबद्दल दहा प्रश्न विचारा. दुसऱ्या दिवशी एक पालक भेटायला आले. शांत माणूस, कुरिअर कंपनीत काम करणारा. म्हणाले, "सर, बाकी काही विचारायला सांगा. आमच्या बाबांना त्या संपाचं विचारू नका. ते दोन दिवस जेवत नाहीत मग."

मी म्हटले, "संपाचे विचारलेच पाहिजे असे नाही. जे सांगावेसे वाटेल तेच." ते गेले, पण त्यांचे बोलणे माझ्या मनातून जाईना. घरात हा विषय नको असणे मला नवीन नव्हते. पण मग त्या मुलाने काय समजायचे? आजोबांच्या आयुष्यात काहीतरी लाजिरवाणे घडले आहे, असेच ना? मुले न सांगितलेल्या गोष्टींतूनही अर्थ काढतात, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

मी त्या मुलाला एकच प्रश्न लिहून दिला : "आजोबा, तुम्ही गिरणीत हाताने नेमके काय करायचात?"

चार दिवसांनी तो वर्गात दोऱ्याचे रीळ घेऊन आला. आजोबा सूतकताईच्या खात्यात होते. फिरत्या चात्यावरचा तुटलेला धागा यंत्र न थांबवता कसा सांधायचा, हे त्यांनी नातवाला दाखवले होते. दोन बोटांची चिमूट, किंचित पीळ, आणि सोडून द्यायचे. त्याने सगळ्या वर्गासमोर करून दाखवले. पहिल्यांदा जमले नाही, दुसऱ्यांदा जमले. "आजोबा म्हणाले, एका माणसाकडे असे शेकडो धागे असायचे. आणि आवाज इतका की शेजारच्याशी खुणांनी बोलायचं." आजोबा त्या दिवशी तासभर बोलत होते म्हणे. संपाबद्दल अवाक्षर नाही. वडिलांनीही ते पहिल्यांदाच ऐकले.

मला एवढे पुरेसे वाटले. संपात कोण चुकले, कोण बरोबर, हे आपण वर्गात ठरवू नये. त्यावर जाणत्या माणसांचीही एकमते नाहीत. पण 'आजोबा घरीच असतात' आणि 'आजोबा कसबी कामगार होते' या दोन वाक्यांत फरक आहे, आणि मुलाला दुसरे वाक्य मिळण्याचा हक्क आहे.

जमिनीचे काय झाले?

गिरण्या बंद पडल्या तरी जमीन राहिली. शहराच्या मध्यावर सुमारे ६०० एकर. १९९१ च्या नियमाने तिचे तीन भाग ठरले : एक भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. बांधकाम असलेली जमीन त्यातून वगळली गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. बागा आणि स्वस्त घरे यांच्या वाट्याला फारच थोडे आले. अपूर्णांक शिकवताना मी हे उदाहरण घेतो. 'कशाचा एक तृतीयांश?' हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे मुलांना यापेक्षा चांगले कुठे कळणार?

जिथे गिरण्या होत्या तिथे मॉल, कार्यालये, उंच टॉवर आले. पूर्वीचा कामगार चाळीतून चालत गिरणीत जायचा. आता लाखो नोकरदार दूरवरून लोकलने येतात आणि त्याच जुन्या स्टेशनांवर उतरतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. परिसर बदलतो म्हणजे फक्त इमारती बदलत नाहीत. चालणाऱ्या पावलांची संख्या आणि दिशाही बदलते. पूल मात्र जुनाच राहतो.

आणि गिरणी कामगार? घरासाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. २०१२ पासून सोडती निघत आहेत, पण घरे अर्जांच्या मानाने थोडी. कितीतरी कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरारकडे गेली, कितीतरी गावी परतली. बीडीडी चाळींच्या जागी आता टॉवर उभे राहत आहेत. १६० चौरस फुटांऐवजी ५०० चौरस फुटांचे घर. हे चांगलेच आहे. मोरीत अंघोळ आणि व्हरांड्यात अभ्यास यांचे गोडवे तेच गातात ज्यांना ते करावे लागले नाही. चाळ गेल्याचे दुःख करणाऱ्या पाहुण्यांना माझी आई सांगायची, "सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहा एकदा, मग बोला."

तरी काही गोष्टी अजून टिकून आहेत. लालबागच्या मसाल्याच्या बाजारात उन्हाळ्यात बायका लांबलांबून वर्षाचा मसाला कुटून न्यायला येतात, तेव्हा आमच्या वर्गापर्यंत खाट येतो आणि आख्खा वर्ग शिंकतो. लालबागचा राजा सगळ्या देशाला माहीत आहे, पण त्याची सुरुवात १९३४ साली बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून कोळी आणि व्यापाऱ्यांनी केलेल्या नवसातून झाली, असे सांगतात. हे सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "म्हणजे राजा आधी बाजारवाल्यांचा होता." अगदी बरोबर.

तुमच्या वर्गासाठी

आमच्या शाळेचा पट दरवर्षी कमी होतो आहे. चाळ रिकामी झाली की तिच्याबरोबर पाच-सहा मुले जातात. म्हणून हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. आणि हे फक्त आमच्यापुरते नाही. तुम्ही बदलापूरला शिकवत असाल, किंवा देवगड, पाटण, आजऱ्याला, तर तुमच्या वर्गातही एखाद्या मुलाचे आजोबा गिरणगावातून आलेले असतील. त्यांना शोधा.

मी वापरतो ते प्रश्न देतो. तुमच्या परिसराप्रमाणे बदलून घ्या.

१. आपल्या भागाचे नाव कशावरून पडले? लोक बोलताना वेगळे नाव वापरतात का?
२. आपले कुटुंब इथे केव्हा आले? कुठून? पहिल्या रात्री कुणाच्या घरी उतरले?
३. घरातले मोठे माणूस हाताने कोणते काम करत असे? ते आज करून दाखवता येईल का?
४. घरातल्या बाईच्या कामावर किती माणसे जेवत होती?
५. आता ऐकू न येणारा एखादा आवाज कोणता?
६. पूर्वी सगळ्यांची असलेली आणि आता कुंपण पडलेली जागा कोणती?

पालकांना एक विनंती. मुलांना उत्तर तुम्ही लिहून देऊ नका. आजी-आजोबांच्या शेजारी त्यांना बसवा आणि तुम्हीही जरा वेळ तिथेच थांबा. एखादा विषय नको असेल तर तो सोडून द्या, हाताच्या कामाचे विचारा.

आणि शिक्षकांनो, हा गृहपाठ गणपतीच्या सुट्टीआधी द्या. मुले गावी जातात, तिथे मुंबईत राबून परतलेली माणसे अजून अंगणात बसलेली सापडतात. उत्तरे मिळवायला यापेक्षा चांगला आठवडा नाही.